दुभाष्या आणि दफ्तर



सोलापुरात वसंत व्याख्यानमाला भरवायची म्हणजे नाव वसंताचे घ्यायचे आणि घाम ग्रीष्माचा पुसायचा. पंचांग काहीही म्हणो, आपल्याकडे चैत्र सरायच्या आत पारा चाळिशी गाठतो. अशा दिवसांत ढगांवर बोलायला कोणाला तरी उभे करावे, म्हणजे श्रोत्यांना तेवढाच गारवा, असा चालकांचा हिशेब असावा. पण मी ज्या ढगांविषयी बोलणार आहे त्यांतून पाऊस पडत नाही. इंग्रजीत ज्याला 'क्लाउड' म्हणतात आणि ज्यात आज आपण सर्वांनी आपापली कागदपत्रे नेऊन ठेवली आहेत, तो हा ढग. विषय नेमका सांगायचा तर असा: या क्लाउडमध्ये कागद नेऊन ठेवणारी, विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली लिनक्सच्या संगणकावर चालवता येईल काय? आणि येत असली तरी चालवावी काय?

विषय ऐकून काही मंडळींना वाटेल की, ही तर कारागिरांनी आपसांत बोलायची गोष्ट. ती व्यासपीठावर कशाला? माझे म्हणणे असे की हा प्रश्न वरवर यंत्राचा दिसला तरी मुळात तो दफ्तराचा आहे. आपले दफ्तर कोणाच्या ताब्यात आहे, आणि उद्या घर बदलले तर ते आपल्याबरोबर येईल की नाही, हा तो प्रश्न होय.

तो आज निकडीचा का झाला, ते आधी सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार बंद केला. वर्षभराची वाढीव मुदत देऊ केली, पण ती मुदतच. पुढची प्रणाली विंडोज ११. ती चालायला संगणकात सुरक्षेचा एक विशिष्ट भाग आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. परिणाम असा की, ज्यांच्या पडद्याला, कळफलकाला, तबकडीला काहीही झालेले नाही असे कितीतरी संगणक एका तारखेने म्हातारे ठरले. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतला टॉवेलचा कारखाना घ्या, एखादी खासगी शाळा घ्या, वकिलांची कचेरी घ्या. धडधाकट यंत्र मोडीत काढायचे जिवावर येते. मग घरातला एखादा शिकलेला मुलगा पुढे होतो आणि संवाद साधारण असा होतो:

"काका, यावर लिनक्स टाकून देतो. फुकट आहे, आणि मशीन पळायला लागेल बघा."

"अरे, ते ठीक आहे. पण माझी बिले, पार्टीची पत्रे, सगळे त्या ड्राइव्हच्या फोल्डरात आहे. ते येईल का?"

"त्याचा विंडोजचा प्रोग्राम वाइनमध्ये चालवून बघू की."

पुतण्याच्या या शेवटच्या वाक्यात आजचे सगळे व्याख्यान आहे. ते वाक्य चुकीचे नाही, अपुरे आहे. कसे, ते पाहू.

प्रथम, क्लाउड म्हणजे काय? क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा, दुसऱ्या गावातला, बहुधा दुसऱ्या देशातला संगणक. यापलीकडे त्यात आकाशीचे असे काही नाही. ड्रॉपबॉक्सने २००८ साली ही सोय लोकांना खुली केली; गूगल ड्राइव्ह २०१२ च्या एप्रिलमध्ये आला; मायक्रोसॉफ्टच्या सेवेला वनड्राइव्ह हे नाव २०१४ मध्ये मिळाले. आपल्या संगणकावर या सेवांचा एक कारकून नेमलेला असतो. त्याची कामे तीन. एका ठराविक फोल्डरवर डोळा ठेवणे. त्यात काही बदलले की ते दूरच्या संगणकावर पोचवणे. आणि तिकडे काही बदलले असेल तर ते इकडे आणून दोन्ही दफ्तरे जुळवून ठेवणे. हा कारकून विंडोजसाठी सर्वांनी दिला. लिनक्ससाठी ड्रॉपबॉक्सने दिला. गूगलने आणि मायक्रोसॉफ्टने स्वतःचा असा कारकून लिनक्ससाठी काढला नाही. म्हणून विंडोजचा कारकून लिनक्सच्या घरात आणायचा विचार लोकांच्या मनात येतो, आणि त्यासाठी वाइनचे नाव निघते.

या वाइनला द्राक्षांशी कर्तव्य नाही. १९९३ साली काही प्रोग्रामरांनी हे काम आरंभले. १९९४ पासून आलेक्झांडर ज्युलियार हे गृहस्थ ते सांभाळीत आले आहेत. आणि आवृत्ती १.० बाहेर पडली ती २००८ च्या जूनमध्ये, म्हणजे पंधरा वर्षांच्या खटपटीनंतर. तिची युक्ती समजण्यासारखी आहे. विंडोज असो की लिनक्स, आतला प्रोसेसर बहुधा एकच असतो, त्यामुळे बेरीज-वजाबाकी दोन्हीकडे सारखीच. फरक आहे तो मागण्यांच्या भाषेचा. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली प्रणालीजवळ विंडोजच्या बोलीत मागणी करते: ही फाइल उघडा, पडद्यावर चौकट काढा, वेळ किती झाली ते सांगा. वाइन मध्ये उभे राहून ती मागणी लिनक्सच्या बोलीत सांगते आणि उत्तर परत विंडोजच्या बोलीत आणून देते. आज्ञावलीला हवा असणारा 'सी' ड्राइव्ह वाइन एका साध्या फोल्डरातून उभा करते आणि लिनक्सची सगळी तबकडी तिला 'झेड' ड्राइव्ह म्हणून दाखवते. आज्ञावली बिचारी समजते, आपण आपल्याच घरात आहोत.

सोलापूरकरांना दुभाष्या म्हणजे काय, हे सांगायला नको. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा आपल्या पेठांतून रोज एकमेकींना भेटतात. पूर्व भागातला विणकर घरी तेलुगूत बोलतो, व्यापाऱ्याशी मराठीत, आणि इंडी-विजापूरचे गिऱ्हाईक आले तर कानडीही निभावून नेतो. दुभाष्यावर आपले गाव चालले आहे. तेव्हा वाइनची टिंगल आपण तरी करू नये. किंबहुना तिने मोठे पराक्रम केले आहेत. विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ आज लिनक्सवर चालतात, ते वाइनच्याच पायावर २०१८ साली उभ्या केलेल्या प्रोटॉन नावाच्या रचनेमुळे.

मग अडते कोठे? दुभाष्या बोलणे पोचवतो. पण पाहुणा बोलण्यापुरता आलाच नसेल, तिजोरीची किल्ली मागायला आला असेल, तर दुभाष्या काय करणार?

क्लाउडचा कारकून हा असा पाहुणा आहे. पूर्वी तो फक्त फोल्डरवर नजर ठेवी. पण २०१७ च्या ऑक्टोबरात विंडोज १० मध्ये एक नवी सोय आली. तिचा अर्थ असा की फोल्डरात फाइल दिसते, पण ती तबकडीवर नसतेच! तिचे नाव असते, तारीख असते, आकार असतो. आत मात्र पोकळी. आपण ती उघडू गेलो म्हणजे प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, क्षणभर आपल्याला थांबवतो, कारकुनाला हाक मारतो, कारकून दूरच्या संगणकावरून मजकूर आणतो, आणि मग फाइल उघडते. गूगलची आज्ञावलीही स्वतंत्र ड्राइव्ह असल्याचा देखावा उभा करते. हे साधायला आज्ञावलीचा एक तुकडा विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसावा लागतो. वाइन गाभ्याच्या बाहेर, उंबरठ्यावर उभी असते. लिनक्सच्या गाभ्यात विंडोजचा तुकडा नेऊन बसवणे हे तिचे कामच नव्हे, आणि ते शक्य असते तरी कोणी शहाण्याने होऊ दिले नसते.

दुसरी अडचण अशी की हे कारकून स्वतःला आपोआप बदलत असतात. आज एखाद्या जुन्या आवृत्तीला खटपटीने वाइनमध्ये उभे केले, तर पुढच्या महिन्यात ती नव्या रूपात येऊन कोसळणार. आणि तिसरी अडचण सर्वांत गंभीर. खेळ मध्येच बंद पडला तर खेळ गेला, एवढेच. पण दोन दफ्तरे जुळवणारा कारकून अर्धवट शुद्धीत काम करू लागला तर? इकडची फाइल त्याला दिसली नाही, आणि 'दिसत नाही' याचा अर्थ त्याने 'मालकाने काढून टाकली' असा घेतला, तर तो तिकडचीही फाइल इमानेइतबारे काढून टाकील. न चालणारा कारकून परवडला. अर्धवट चालणारा परवडत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले: गूगल किंवा मायक्रोसॉफ्टचा आजचा कारकून वाइनमध्ये नीट चालेल असा भरवसा धरता येत नाही. परंतु माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. तो चालावा असा हट्टच आपण का धरतो?

याचे उत्तर आपल्याच गावात आहे. सोलापूरची चादर जॅकार्डवर विणली जाते. लिऑन शहरातल्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास बसवलेल्या या यंत्राला पुठ्ठ्याची कार्डे लागतात. कार्डाला भोक असेल तेथे सुई आत जाते आणि उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तेथे धागा खाली राहतो. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेकीला एक कार्ड. शेकडो कार्डे दोऱ्याने ओवून माळ केली म्हणजे मोर, वेल, कमळ उमटते. संगणकाचा इतिहास लिहिणारे लोक या भोकांना संगणकाचे पूर्वज मानतात, हे आपण ऐकले असेल. पण कारखानदाराला ठाऊक असलेली एक गोष्ट त्या इतिहासात सहसा नसते. एका तऱ्हेच्या जॅकार्डसाठी पाडलेली कार्डे दुसऱ्या तऱ्हेच्या जॅकार्डवर चढत नाहीत. भोकांमधले अंतर निराळे, सुयांची संख्या निराळी. मग यंत्र बदलले म्हणून नक्षी बुडाली काय? नाही. कारण नक्षी कार्डात राहत नाही. ती चौकड्यांच्या कागदावर, ग्राफवर असते. ग्राफ हाती असला की कोणत्याही यंत्रासाठी नवी कार्डे पाडता येतात. ग्राफ हरवला आणि नुसती जुनी कार्डे उरली, तर मात्र कारखानदार त्या एका यंत्राला बांधला गेला.

बंधुभगिनींनो, विंडोजचा कारकून म्हणजे ती कार्डे होत. आपली बिले, पत्रे, मुलांच्या गुणपत्रिका, आजोबांची छायाचित्रे हा आपला ग्राफ. जुनी कार्डे नव्या मागावर ठोकून बसवण्याच्या नादाला लागू नये. ग्राफ घ्यावा आणि नव्या मागाची कार्डे पाडावीत. कारकुनाला हलवू नका, दफ्तर हलवा.

हे दफ्तर हलवण्याचे मार्ग आहेत आणि ते सरळ आहेत. पहिला, ब्राउझरचा. गूगल ड्राइव्ह काय आणि वनड्राइव्ह काय, लिनक्सवरच्या ब्राउझरमधून उघडतातच. दिवसाकाठी दोन-चार फाइली पाहणाऱ्याला एवढे पुरते. दुसरा, ज्या सेवेने लिनक्ससाठी स्वतःचा कारकून दिला आहे तो घेणे. तिसरा, मुक्त आज्ञावलींचा. या सेवांनी प्रोग्रामरांसाठी एक अधिकृत दार ठेवलेले असते, आणि त्या दाराचे नियम प्रसिद्ध असतात. 'आरक्लोन' नावाची आज्ञावली त्या दाराने सत्तरांहून अधिक साठवण-सेवांशी बोलते. वनड्राइव्हसाठीही स्वयंसेवकांनी लिहिलेली स्वतंत्र मुक्त आज्ञावली आहे. येथे दुभाष्या नाही. थेट बोलणे आहे. चौथा मार्ग स्वतःच्या दफ्तरखान्याचा. २०१६ साली जर्मनीत सुरू झालेली 'नेक्स्टक्लाउड' ही मुक्त आज्ञावली घेऊन एखादी शाळा किंवा संस्था आपल्याच संगणकावर असा ढग उभारू शकते. अर्थात तेथे वीज गेली तर आपली, तबकडी बिघडली तरी आपली. स्वातंत्र्याबरोबर झाडलोटही येते.

मात्र दार आहे म्हणजे ते सदैव उघडे राहील असे समजू नये. २०१८ च्या नोव्हेंबरात ड्रॉपबॉक्सने लिनक्सवर तबकडीच्या मांडणीचा 'ईएक्सटी४' हा एकच प्रकार मान्य करायचे ठरवले. बाकीच्यांचे जुळवणे बंद पडले. लोकांनी गलका केला. पुढे २०१९ च्या जुलैत कंपनीने आणखी काही प्रकारांना पुन्हा आत घेतले. दार बंद करणे आणि उघडणे ही दोन्ही कामे मालकाच्या एका निर्णयाने झाली, एवढे ध्यानात ठेवायचे.

आता घर बदलणाऱ्यांसाठी चार सूचना करतो. त्या कंटाळवाण्या वाटतील. पण दफ्तर वाचते ते अशा कंटाळवाण्या गोष्टींनीच.

एक. विंडोज पुसण्यापूर्वी पोकळ फाइली भरून घ्या. फोल्डरवर जाऊन 'या यंत्रावर कायम ठेवा' अशा अर्थाची आज्ञा असते ती द्या, सर्व मजकूर उतरेपर्यंत थांबा, आणि मग वेगळ्या तबकडीवर नक्कल करा. विंडोजच्या तबकडीत लिनक्समधून डोकावले तर या पोकळ फाइली मोडक्या दुव्यांसारख्या दिसतात. नाव आहे, वस्तू नाही.

दोन. गूगल डॉक्समध्ये लिहिलेल्या मजकुराची जी फाइल विंडोजच्या फोल्डरात दिसते, तिच्यात मजकूर नसतो; फक्त पत्ता असतो. तिची नक्कल म्हणजे पाकिटाची नक्कल, पत्राची नव्हे. मजकूर निराळा उतरवून घ्यावा लागतो. त्यासाठी गूगलने २०११ पासून 'टेकआउट' नावाची सोय ठेवली आहे.

तीन. हे खास आपल्या मराठी मंडळींसाठी. विंडोजवर फाइलच्या नावात २५५ चिन्हे मावतात. लिनक्सच्या ईएक्सटी४ तबकडीवर मर्यादा आहे २५५ बाइटांची. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'सोलापूर' हा शब्द काना-मात्रेसकट सात चिन्हांचा, म्हणजे एकवीस बाइटांचा. हिशेब केला तर मराठी नाव पंचाऐंशी चिन्हांत संपले पाहिजे. आपल्याकडे शासन निर्णयाचा अख्खा विषय, शेवटच्या 'बाबत'सकट, फाइलचे नाव म्हणून देण्याची चाल आहे. अशी फाइल विंडोजवर सुखाने नांदते आणि लिनक्सवर उतरत नाही. दुसरे, 'दुसऱ्या', 'तिसऱ्या' यांतला चंद्रकोरीसारखा र दोन निरनिराळ्या रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना शब्द एकच; संगणकाला ते दोन शब्द, आणि म्हणून दोन फाइली. तेव्हा नावे आखूड ठेवा आणि टंकण्याची एक रीत धरा. एक समाधान आहे: इंग्रजीतल्या मोठ्या आणि लहान लिपीचा लिनक्सवर जो घोळ होतो, तो आपल्या लिपीला ठाऊकच नाही.

चार. जुळवणे म्हणजे जपणे नव्हे. जुळवणारी आज्ञावली आपली चूकसुद्धा तत्परतेने दुसरीकडे पोचवते. आरक्लोनमध्ये 'कॉपी' ही आज्ञा फक्त नेऊन ठेवते. 'सिंक' ही आज्ञा, जे इकडे नाही ते तिकडूनही काढून टाकते. आरंभी 'कॉपी'च वापरावी, आणि एक प्रत क्लाउडबाहेर, घरच्या कपाटात असावी.

शेवटी, तारखेला यंत्र म्हातारे ठरवणाऱ्यांवर नुसते रागावून भागत नाही. आपले हक्क काय, तेही पाहावे लागते. युरोपात २५ मे २०१८ पासून नागरिकाला आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मागून दुसरीकडे नेण्याचा कायदेशीर हक्क आहे. आपल्याकडे न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात हा हक्क होता. २०२३ साली जो कायदा संमत झाला त्यात तो उरला नाही. सरकारने मात्र स्वतःच्या कारभारासाठी २०१० मध्ये खुल्या मानकांचे आणि २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलींचे धोरण जाहीर केले होते. म्हणजे स्वतःच्या दफ्तराला जे पथ्य सरकारला हितकर वाटले, ते नागरिकाच्या दफ्तरालाही लागू व्हावे, एवढीच आपली मागणी आहे. ती अवास्तव आहे असे मला वाटत नाही.

तोवर कायद्याची वाट न पाहता आपल्याला एक करता येईल. आपल्या शाळेने, पतसंस्थेने, वाचनालयाने कोणत्याही सेवेत कागद ठेवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: उद्या आम्ही हे दफ्तर दुसरीकडे नेऊ म्हटले, तर ते कोणत्या स्वरूपात हाती पडेल? उत्तर सरळ आले तर खुशाल ठेवावे. उत्तरात 'तशी कधी गरज पडत नाही' असे आले, तर गरज पडण्याआधीच उठावे.

वाइनसारखा दुभाष्या पदरी असणे चांगलेच; अडीनडीला तो उपयोगी पडतो. पण ज्याचा ग्राफ त्याच्या हाती आहे, त्याला मागाची भीती नाही.